दोनशे चौदा नंबरची फट

४ मार्च

जळली! दोनशे चौदा नंबरची फट तळापर्यंत जळली.

यान परवा धावपट्टीवर उतरलं तेव्हा सगळे नाचत होते. आज हॉलमध्ये आणून जॅकवर चढवलं आणि मी विजेरी तोंडात धरून पाठीवर सरकत पोटाखाली गेले. ताप अडवणाऱ्या बाकी टाइल्स छान. दोन-चार ओरखडे, कुठे कुठे पांढुरका डाग. आणि मग डावीकडे ही. फटीत बसवलेला कापडी फिलर जागेवर नाहीच. तार घातली तर सरळ तळाला टेकली. तळाचा नमदा, तो जाड कापडी थर, कोळसा झालेला, त्याखालच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन सुटलेला. अजून अर्धं मिनिट तापलं असतं तर पत्रा गेलाच असता.

या खेपेला आत वाळूची पोती होती. पुढच्या यानात तीन माणसं बसणार आहेत. ३० एप्रिल.

साहेबांनी वाकून पाहिलं. कंबर सरळ करतानाच म्हणाले, शिवण उसवलेली दिसते. झालं, निकाल लागला! मागे शिवणखोलीतल्या काकू उभ्या होत्या, चष्मा कपाळावर. काही बोलल्या नाहीत. मीही नाही. मीही!

५ मार्च

काकूंना शिवणखोलीतून हलवलं. भांडारात नट-बोल्ट मोजायला बसवलंय, "चौकशी संपेपर्यंत".

६ मार्च

आजच्या बैठकीत तोंड उघडलं, पण धड बोलता आलं नाही. जे बोलायला हवं होतं ते इथे लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी जीभ अडखळणार नाही.

टाइल्समध्ये फट ठेवावीच लागते. खालचा पत्रा गरम-गार झाला की फुगतो, आकसतो. टाइल मात्र आहे तेवढीच राहते. फट नसेल तर टाइल टाइलला भिडून तडकेल. पण परत येताना यानाभोवतीची हवा अशी काही तापते, की फट रुंद मिळाली तर ती नुसती वरून जात नाही, आत शिरते आणि तळाशी घर करते. म्हणून फटीत फिलर घालायचा. न जळणाऱ्या कापडाची, आत तसलाच कापूस भरलेली, हातानं शिवलेली बारीक उशी. बोटाएवढी लांब, फटीइतकी पातळ. तो टिकायचा तर शिवण पक्की हवी आणि फट मापात हवी. शिवण काकूंची. माप माझं. मापाचा कोणी 'म'सुद्धा काढला नाही. माझ्या मापावर विश्वास आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

एकोणीस वर्षं काकू हे शिवतायत. तो धागा काचेसारखा ठिसूळ, जरा ओढला की तुटतो. सैल सोडला तर टाका बसत नाही. यंत्रावर तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा यंत्राला हात जोडून परत काकूंकडे आले सगळे. इंचाला बारा टाके. मी भिंगातून मोजलेत. अकरा कधी नाहीत, तेरा कधी नाहीत. आणि अशा बाईच्या नावापुढे "सदोष शिवण" लिहून ठेवणार. जूनमध्ये निवृत्त होतायत. त्यांच्या सगळ्या फिलरांच्या जागी बाहेरून आणलेले घालणार म्हणे.

साहेबांना म्हटलं, पुराव्याशिवाय कसं लिहिता? ते म्हणाले, मग पुरावा आणा, २८ तारखेला समिती बसतेय. आणणार! शिवण पक्की होती हे सिद्ध केल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

८ मार्च

डबा घेऊन भांडारात गेले. काकू वायसर मोजत होत्या. म्हणाल्या, चौदाशे छत्तीस झाले आणि तू आलीस, आता परत एकपासून. मी म्हटलं मी मोजते तुमच्याबरोबर. हसल्या. मग आम्ही डबा उघडला.

त्यांना सगळा बेत सांगितला. उरलेले फिलर शोधणार, झोतभट्टीत घालून तापलेल्या हवेच्या झोताखाली धरणार, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला वाटलं खूश होतील. त्या म्हणाल्या, "तू कशाला पडतेस यात? माझे तीन महिने राहिलेत, निघून जातील." म्हटलं, पडणारच. तुमच्या टाक्यांना कोणी नाव ठेवलेलं मला चालणार नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मान खाली घालून जगायची सवय झालीय या बाईला. रागच आला मला त्यांचा!

११ मार्च

जळलेल्या फटीचं माप घेऊन उपयोग नाही. टाइलच्या कडाच वितळून गोल झाल्यात. म्हणून शेजारच्या आठ फटी मोजल्या. दोन गेज — पोस्टकार्डाएवढ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. १.० मिलिमीटरचं आत गेलं पाहिजे, १.४ चं जाता कामा नये. आठही ठिकाणी पातळ गेलं, जाड अडलं. सगळं मापात.

आणि मग डोक्यात आलं: माप बरोबर म्हणजे शिवणच उरते. काकूंची बाजू घ्यायला गेले आणि त्यांच्याच डोक्यावर खापर फोडून आले.

साहेबांना हे सांगितलं नाही. आधी भट्टी.

१३ मार्च

काकूंच्या त्याच खेपेतले तीन फिलर सापडले. तीनच. भट्टीवाल्या दादांच्या हातापाया पडून दोन दिवसांची वेळ मिळवली. दादा म्हणजे तिरसट माणूस. भट्टीच्या काचेवर कोणी बोट ठेवलं तरी दिवसभर धुसफुसतात. पण काकूंचं नाव काढलं तसे विरघळले. त्यांच्या मुलीच्या लग्नातले सगळे परकर-पोलकी काकूंनी शिवले होते म्हणे.

चार टाइल्स ठोकळ्यावर चिकटवल्या, मधली फट १.३, त्यात पहिला फिलर. झोत सुरू. काचेपलीकडे सगळं पांढरं. पूर्ण वेळ चालवलं, यान उतरतं तितकं. थंड झाल्यावर उघडलं. वरचे टाके करपलेत, पण एकही तुटला नाही. तळाचा नमदा जसाच्या तसा.

दुसरा फिलर. तेच.

मी दादांच्या पाठीत धपाटा घातला. त्यांना आवडलं नाही.

१४ मार्च

तिसरा, शेवटचा. मी तोही १.३ मध्ये घालणार होते. तीनदा टिकला म्हटल्यावर समिती काय बोलणार? दादा म्हणाले, टिकतो हे कळलंच की. कधी टिकत नाही ते बघायचं नाही का? मी कां-कू केली. शेवटचा आहे, तो गेला की हाती काही नाही. मग म्हटलं, होऊन जाऊ दे.

फट १.६ केली. मापाच्या बाहेर, मुद्दाम.

सत्तर सेकंद. कडेनं आधी एक लाल रेघ उतरली, मग फिलर एका टोकाला उचलला गेला आणि दिसेनासा झाला. दादांनी झोत बंद केला. तळ उघडून पाहिला तर हुबेहूब दोनशे चौदा! तसाच कोळसा, तसाच फोड, डाग एका बाजूला ओढल्यासारखा, तोसुद्धा तसाच.

म्हणजे शिवण नाही. फट! फट रुंद होती. हवा आत घुसली आणि फिलर खालून उपटला. जिंकले, काकू!

१५ मार्च

जिंकले म्हणे.

आज नोंदवही काढली. फट क्रमांक २१४ — १.० गेले, १.४ गेले नाही. मापात. खाली सही. माझी.

माझं माप चुकणं शक्य नाही. अकरा वर्षांत एकदाही परत मोजायला लावलेलं नाही मला कोणी. नाही म्हणजे नाही.

१७ मार्च

रविवार. बाबा बाल्कनीत सायकलची चेन धूत बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं बस दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यापासून घरातलं जे फिरतं ते खोलून ठेवतात. मी बादलीपाशी बसले आणि सगळं सांगितलं. एरवी अर्ध्यात तोडून स्वतःचं सुरू करतात. आज ऐकून घेतलं.

मग विचारलं, "मोजायच्या आधी गेज पुसलं होतंस का?"

म्हटलं, बाबा, आमच्याकडे ग्रीस नसतं. ते म्हणाले, ग्रीसचंच असं नाही. व्हॉल्व्हची फट घेताना गेजला तेलाचा हात लागलेला असला तरी माप खोटं येतं. नव्या पोरांना पहिली शिवी त्यावरूनच बसायची. "पट्टी उघडी पाहिजे. तिच्यावर दुसरं काही असलं, की तू फट मोजत नाहीस, ते मोजतेस."

मी म्हटलं, आमची गेज स्वच्छ असतात. टेप लावलेली असते त्यांना.

म्हटलं आणि थांबले. बाबा चेन पुसत राहिले. मी उठून आत आले.

१८ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये गेले. माझं १.४ चं गेज घेतलं आणि टेप सोलली. पारदर्शक टेप, दोन वेढे. म्हणजे या बाजूला दोन थर, त्या बाजूला दोन. सोललेली टेप चौपदरी करून मायक्रोमीटरमध्ये धरली. पाव मिलिमीटर. माझं १.४ चं गेज खरं म्हणजे १.६५ चं होतं.

उघड्या गेजनं त्या आठ फटी परत मोजल्या. आठपैकी पाच फटींत ते सुळकन आत गेलं.

ही टेप माझीच. पहिल्या वर्षी गेज घालताना एका टाइलवरच्या काचेच्या लेपाला ओरखडा पाडला होता मी. एक टाइल बदलायला नऊ दिवस लागले, आणि नऊ दिवस जो तो मला ऐकवून गेला. त्यानंतर मी गेजच्या कडांना टेप गुंडाळली. परत ओरखडा नाही. किती मिरवलं मी ते! नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवलं: आधी टेप, मग माप. आमच्या खोलीत सहा संच आहेत. सहाही गुंडाळलेले.

आणि तपासणी? दर सहा महिन्यांनी गेज मापनखोलीकडे जातातच. पण पाठवताना आम्ही काय करतो — टेप काढतो, चिकटा पुसतो, चकचकीत करून पाठवतो. परकी माणसं बघणार म्हणून! तिकडून "अचूक" असा शिक्का येतो. आल्या आल्या परत टेप.

हसावं का रडावं कळेना. थोडं रडले.

१९ मार्च

आज काहीच केलं नाही. सोललेली टेप रुमालात बांधून खिशात होती. कचऱ्याच्या डब्यावरून चार वेळा गेले.

खोटं कशाला लिहू, मनात आलं ते असं: सगळ्या गेजची टेप गुपचूप काढायची, "खबरदारी म्हणून" फटी परत मोजू या म्हणायचं. यान सुरक्षित, माणसं सुरक्षित, माझी अकरा वर्षं सुरक्षित. फक्त काकूंच्या नावापुढचे ते दोन शब्द तेवढे राहतात.

तेवढेच!

२० मार्च

सांगितलं.

साहेबांच्या टेबलावर रुमाल सोडला, टेप ठेवली, शेजारी आकडे. माझ्या प्रत्येक सहीखाली त्यांची सही आहे, हे त्यांच्या माझ्याही आधी लक्षात आलं. चेहरा उतरला. वाईट माणूस नाही तो. पण पाच मिनिटांत सावरले आणि वाट काढायला लागले.

"मॅडम, टेपचं मी बघतो. नवीन गेज मागवू, फटी परत मोजू. कागदावर कशाला आणायचं?"

"मग काकूंचं कागदावर आहे, त्याचं काय?"

"त्या जूनमध्ये जातायतच."

"म्हणून त्यांच्या नावावर खपवायचं?"

मी घरून लिहूनच आणलं होतं. दोन पानं, टेप कोणी सुरू केली इथपासून. ते टेबलावर ठेवलं नाही, नाहीतर खणात गेलं असतं. तशीच बाहेर पडले, आवक-जावकच्या खिडकीवर गेले आणि शिक्का मारून घेतला. तिथल्या बाईंनी विचारलं, तातडीचं का? म्हटलं, हो. तारीख नीट उमटली.

२१ मार्च

नोकरी गेली तर काय, असं बाबांना विचारलं. म्हणाले, सायकली भरपूर आहेत.

२५ मार्च

माणसं बसणार त्या यानाच्या पोटाखाली चार दिवस काढले. आम्ही सहाजण, उघडी गेज, दोघादोघांनी मोजायचं आणि एकमेकांचं तपासायचं. सहाशे चाळीस फटी. सगळ्यांनी आधी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कालपासून जरा जरा सुरू झालंय. टेप लावलेलं गेज हातात घेऊन आमच्या खोलीतला लंबू म्हणाला, "मला तर वाटायचं हा नियमच आहे." नियमच होता. मी केलेला.

एकतीस फटी रुंद निघाल्या. एकतीस! त्यातल्या सहा नेमक्या हवा धावते त्या दिशेनं, तीन माणसांच्या खुर्च्यांच्या बरोबर खाली. मी ते आकडे तीनदा मोजले आणि मग जिन्यात जाऊन बसले.

काकूंना शिवणखोलीत परत बोलावलंय. एकतीस फिलर, प्रत्येक वेगळ्या जाडीचा. इतकं नाजूक काम दुसऱ्या कोणाला जमणारच नव्हतं, साहेबांनी स्वतः जाऊन सांगितलं. किल्ली परत दिली. काकूंनी आधी खोली झाडून घेतली म्हणे.

२८ मार्च

समिती. सात माणसं, लांब टेबल. मी टेप, आकडे, भट्टीचे तिन्ही ठोकळे मांडले. जीभ अडखळली नाही. दादा साक्षीला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

निकाल: फिलर निर्दोष. शिवण निर्दोष. "सदोष" हा शेरा खोडून त्यावर अध्यक्षांची सही. दोष मापाच्या पद्धतीचा — एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्या खोलीचा. टेप लावणं चुकीचं आहे हे ओळखण्याची संधी कोणालाच मिळाली नव्हती, असं लिहिलंय. मला साधी समजसुद्धा दिली नाही! उलट अध्यक्ष म्हणाले, स्वतःची चूक स्वतः शोधून, शिक्का मारून आणणारी माणसं फार थोडी असतात. टाळ्या वाजल्या. नव्या गेजचे नियम मीच लिहायचे आहेत.

खरं सांगते, फार बरं वाटलं. येताना बाबांसाठी चेनला लावायचं चांगलं तेल घेतलं.

२९ मार्च

आज शिवणखोलीत गेले. काकू सव्विसावा फिलर शिवत होत्या. मी जरा ऐटीतच स्टूल ओढून बसले. म्हटलं, काकू, तुमच्या हाताला तरी शंका आली असेल ना, फिलर बसवताना? मग चौकशीत बोलला का नाहीत?

त्यांनी टाका पूर्ण केला. म्हणाल्या, "तेव्हाच बोलले होते की. तुला." मग म्हणाल्या, "नंतर तू इतक्या तळमळीनं माझ्यासाठी धावत होतीस. तुला कसं सांगू?"

मला काही आठवेना. त्या चुकतायत असं वाटलं. घरी येऊन गेल्या वर्षीची वही काढली, दोनशे चौदामध्ये फिलर बसवला त्या दिवसाची. १९ सप्टेंबर. माझंच अक्षर:

"काकू म्हणतात, २१४ मध्ये फिलर सैल जातोय, परत मोज. म्हटलं, तुम्ही तुमच्या टाक्यांचं बघा, मापाचं मी बघते. आज लवकर सुटले."

पान फाडलेलं नाही. उद्या अध्यक्षांकडे अख्खी वही नेणार आहे.